क्लायंटकडून फीडबॅक मागावा का?

प्रश्न : मी स्वतंत्रपणे वेबसाइट डिझाइनची कामं घेते. नोकरीत दरवर्षी मूल्यमापन व्हायचं, आपण कुठं कमी पडतो ते कळायचं. आता क्लायंट काम घेतात, पैसे देतात आणि विषय संपतो. काही जण पुन्हा येतात, काही येत नाहीत, आणि का येत नाहीत ते कळायला मार्ग नाही. स्वतःहून विचारलं तर मलाच माझ्या कामाची खात्री नाही असं त्यांना वाटेल का?

उत्तर : जरूर विचारा. फक्त नोकरीतलं मूल्यमापन डोक्यात ठेवून विचारू नका. क्लायंट तुमचा साहेब नाही, त्यानं तुमच्याकडून एक काम विकत घेतलं आहे. त्या कामाचा उपयोग झाला का, कुठं ताटकळावं लागलं, कोणती गोष्ट स्वतः पुन्हा करून घ्यावी लागली, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत नसतं. डिझायनर म्हणून तुमची पातळी काय, हे मात्र तो सांगू शकत नाही. ते आपल्याच क्षेत्रातल्या अनुभवी माणसाला विचारावं.

हा फरक कायद्याच्या दृष्टीनंही महत्त्वाचा आहे. एखादी व्यक्ती कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार हे ठरवताना अमेरिकेचं कर खातं मूल्यमापनाची पद्धतही बघतं. काम कसं केलं याचे बारकावे तपासले जात असतील, तर ते नोकरीचं लक्षण धरलं जातं. तेव्हा ‘माझा परफॉर्मन्स कसा होता?’ असं विचारून आपणच आपल्याला कर्मचाऱ्याच्या खुर्चीत बसवू नये.

शिवाय फीडबॅक मिळाला म्हणजे काम सुधारतंच असं नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डीनिसी या अभ्यासकांनी १९९६ साली आधीच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. सरासरी परिणाम चांगला दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरली होती. लक्ष कामावरून हटून माणसाच्या स्वतःवर गेलं, की फीडबॅकचा उपयोग कमी होतो असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून प्रश्न कामाबद्दलच असू द्या.

खात्री नसल्यासारखं दिसेल की नाही, हे शब्दांवर ठरतं. ‘काम कसं वाटलं? आवडलं ना?’ हा धीर मागणारा प्रश्न आहे. त्याला ‘छान झालंय’ एवढंच उत्तर येतं, आणि त्याचा कुणालाच उपयोग नसतो. त्याऐवजी असं लिहून बघा :

‘साइट सुरू होऊन तीन आठवडे झाले. पुढच्या कामात उपयोग व्हावा म्हणून तीन गोष्टी विचारते. एक, साइट वापरताना तुमची माणसं कुठं अडखळतात? दोन, कामादरम्यान माझ्याकडून कोणती माहिती उशिरा किंवा अपुरी मिळाली? तीन, हेच काम पुन्हा करायचं झालं, तर कोणती एक गोष्ट वेगळी करावी असं तुम्ही सुचवाल? दोन-दोन ओळी पुरेत.’

यातला तिसरा प्रश्न सर्वात मोलाचा. ‘चूक सांगा’ म्हटलं की माणूस संकोचतो, ‘सल्ला द्या’ म्हटलं की मोकळेपणानं बोलतो.

ज्या दिवशी काम सोपवलं त्याच दिवशी विचारू नका, कारण तोवर ते कुणी वापरलेलंच नसतं. दोन ते चार आठवडे जाऊ द्या. काम दोन-तीन महिन्यांचं असेल, तर साधारण पाव काम झाल्यावर दहा मिनिटांचा एक फोन करा आणि ‘आत्ताच काही बदलायला हवं का?’ एवढंच विचारा. त्या टप्प्यावर मांडणी बदलायला एक दिवस लागतो, शेवटी तीच बदलायला आठवडा जातो. बिल मंजूर करणारा आणि काम वापरणारा वेगवेगळे असतील, तर वापरणाऱ्याला विचाराच. फक्त आधी बिल मंजूर करणाऱ्याच्या कानावर घाला, नाहीतर परस्पर चौकशी केल्यासारखं होतं.

प्रश्न : काम दिल्यावर फीडबॅक मागितला, तर क्लायंटनं सहा नवे बदल पाठवले आणि ते होईपर्यंत बिल थांबवलं. आता विचारायचीच भीती वाटते.

उत्तर : इथं मान्यता आणि फीडबॅक या दोन गोष्टींची गल्लत झाली. ठरलं होतं ते मिळालं का, हा मान्यतेचा प्रश्न. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं आणि बिल त्यावर अवलंबून असतं. फीडबॅक पुढच्या कामासाठी असतो. बिल बाकी असताना ‘काही सुचवायचंय का?’ असं विचारलं, की क्लायंट ते आणखी बदल सुचवण्याचं आमंत्रण समजतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

म्हणून क्रम पक्का ठेवा : काम सोपवणं, लेखी मान्यता, बिल, पैसे जमा, आणि मग फीडबॅक. करारात एक ओळ घाला : ‘काम मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत लेखी हरकत न आल्यास काम मान्य झालं असं समजलं जाईल.’ बदलांच्या किती फेऱ्या दरात धरल्या आहेत, तेही तिथंच लिहा.

आत्ताच्या सहा बदलांचे तीन ढीग करा. तुमच्याकडून राहिलेल्या चुका विनामोबदला दुरुस्त करा. ठरलेल्या फेऱ्यांत बसतं ते करून द्या. उरलेलं नवीन काम आहे, त्याचा वेगळा दर आणि वेगळी तारीख कळवा. उत्तर लिहिताना ‘हे आपल्या ठरलेल्या यादीत नव्हतं’ यावर थांबा. त्यापुढे स्पष्टीकरण वाढवत गेलात की घासाघीस सुरू होते.

प्रश्न : क्लायंट उत्तरच देत नाहीत. किती वेळा विचारावं?

उत्तर : आठवड्याभरानं एकदाच आठवण करून द्या, तीही तीनऐवजी एकच प्रश्न ठेवून. नंतर सोडून द्या. न बोलताही क्लायंट बरंच सांगत असतो. प्रत्येक कामामागे चार नोंदी ठेवा : बदलांच्या किती फेऱ्या झाल्या, कोणती शंका पुन्हा पुन्हा आली, मान्यतेला किती दिवस लागले, पुन्हा काम मिळालं का. तीन वेगवेगळ्या क्लायंटनी ‘फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे?’ असं विचारलं असेल, तर फाइल सोपवण्याची तुमची पद्धत बदलायला हवी. त्यासाठी आणखी कुणाचं मत कशाला हवं?

प्रश्न : शून्य ते दहा गुण मागणारा फॉर्म पाठवू का?

उत्तर : नको. ‘आमची शिफारस किती कराल?’ हा प्रश्न व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ साली मांडला, तो असंख्य ग्राहक असलेल्या कंपन्यांसाठी. त्यात नऊ-दहा देणाऱ्यांच्या टक्केवारीतून सहा किंवा कमी देणाऱ्यांची टक्केवारी वजा करतात. तुमचे पाच क्लायंट असतील आणि त्यातला एक नवावरून सहावर आला, तर आकडा एकदम ४० नं घसरतो. एवढं होऊनही नेमकं काय बिघडलं ते कळत नाहीच.

प्रश्न : क्लायंटनं फीडबॅकमध्ये चांगलं लिहिलं आहे. ते माझ्या साइटवर टाकू का?

उत्तर : परवानगीशिवाय नाही. फीडबॅक तुम्हाला उद्देशून दिलेला असतो, प्रशस्तिपत्र जगासाठी. नेमकी कोणती वाक्यं, कोणत्या नावानं आणि कुठं छापणार ते लिहून कळवा आणि लेखी होकार घ्या. वाक्यं कापायची असतील तर कापलेला मजकूर दाखवा. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा फुकट काम देऊ करू नका. अपवर्कसारख्या, फ्रीलान्स कामं मिळवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मवर ते सरळ नियमबाह्य आहे. शिवाय तिथं दोन्ही बाजूंना अभिप्राय देण्यासाठी करार संपल्यापासून १४ दिवसच मिळतात. तेव्हा प्लॅटफॉर्मवरच्या कामाला दोन-चार आठवडे थांबायचा नियम लावू नका, करार बंद झाला की त्याच आठवड्यात विचारा.