"पोरगी अनोळखी माणसांशी बोलते, मॅडम!"

कॉलेजच्या मुलांचा मोबाइल हा विषय घेऊन येणारे पालक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींची तक्रार वेळेची: "दिवसभर त्यातच डोकं घालून बसतंय." काहींची माणसांची: "कुणाशी काय बोलतंय, पत्ता लागत नाही." वेळेच्या तक्रारीवर भरपूर लिहून झालंय. माणसांच्या तक्रारीवर त्या मानाने कमी, आणि घरात मुलगी असेल तर ही तक्रार फार लवकर पेटते. म्हणून ही केस लिहिते आहे. त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे; नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला मृणाल म्हणू. एम.एस्सी. केमिस्ट्रीचं दुसरं वर्ष. वडिलांचं उद्यमनगरात जॉबवर्कचं वर्कशॉप: दोन लेथ, एक मिलिंग, हाताखाली दोन कामगार. एका रात्री जेवताना तिचा ताटाशेजारी ठेवलेला मोबाइल उजळला. टाय लावलेल्या एका चाळिशीतल्या गृहस्थाचा फोटो आणि खाली ओळ, अमुक यांनी तुमची विनंती स्वीकारली. वडिलांनी विचारलं, "ह्यो कोण?" ती म्हणाली, "माहीत नाही." ती अगदी खरं सांगत होती, आणि तिथंच बिनसलं. ओळख नाही तर विनंती कसली केलीस? मोबाइल जप्त झाला, मुलीनं जेवण सोडलं, आणि दोन दिवसांनी आई दोघांना घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्याकडे समुपदेशनासाठी आली.

वडिलांची तक्रार अशी होती: "मॅडम, इन्स्टाग्रामचं मला कळतंय. मैत्रिणी असतात, फोटो टाकतात, चाललंय. पण ह्यात तर सगळी थोराड माणसं! ह्यांचं हिच्याशी काय काम?"

मला त्यांचा प्रश्न रास्त वाटला. ते ॲप होतं लिंक्डइन, नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडायचं. तसं ते जुनं. ते 2003 साली सुरू झालं, इन्स्टाग्राम 2010 साली. पण नोकरी शोधायची वेळ येईपर्यंत मुलं त्याकडे फिरकत नाहीत, त्यामुळे बऱ्याच घरांत ते इन्स्टाग्रामच्या मागून येतं, तेही एकदम, शेवटच्या वर्षी. ज्यांनी कधी बायोडाटा केला नाही, अर्ज केला नाही, स्वतःच्या हातावर धंदा उभा केला, अशा माणसाला त्या टायवाल्या फोटोचा अर्थ लागणार कसा? मी त्यांना तेवढं समजावून सांगितलं आणि मुलीशी एकटीशी बोलायचंय म्हणाले.

मृणालनं तिचा सगळा पसारा उलगडून दाखवला. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप नोट्स आणि प्रॅक्टिकलच्या बॅचसाठी. टेलिग्राम नेट-सेटच्या जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी. इन्स्टाग्राम मैत्रिणींसाठी, तेही खासगी, आणि आत्या व दोन मावसभावांना स्टोरी दिसणार नाही अशी व्यवस्था केलेली. (ही व्यवस्था जवळपास प्रत्येक मुलीची असते. आत्या मंडळींनी मनाला लावून घेऊ नये.) उरलं लिंक्डइन. कॉलेजात झालेल्या एका कार्यशाळेत वक्त्यांनी सांगितलेलं की पाचशेच्या पुढे कनेक्शन्स गेली की प्रोफाइल भारदस्त दिसतं. तिथं पाचशेनंतर नेमका आकडा न दिसता नुसतं '500+' दिसतं, हे खरं आहे. मग ॲप जे चेहरे सुचवेल त्यांना ती विनंती पाठवत सुटली. आकडा ओलांडून चार महिने झाले होते.

"यातल्या किती जणांशी बोललीस?"

तिनं विचार केला. "दोघांना हॅपी बर्थडे केलंय."

म्हणजे वडिलांची भीती होती त्याच्या नेमकं उलटं चाललं होतं. पोरगी कुणाशीच बोलत नव्हती. रात्री अकराला अंथरुणात शिरायची आणि एक वाजेपर्यंत नुसती बघत राहायची. कुणाला हैदराबादला ऑफर, कुणाचा परदेशी पीएच.डी.ला नंबर, कुणाचं सर्टिफिकेट. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली मांडलं की माणूस स्वतःला जोखतो तो आपल्यासारख्याच माणसांशी तुलना करून. सिनेनटीचा बंगला बघून मृणालची झोप उडत नव्हती, बी.एस्सी.ला मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलीची ऑफर बघून उडत होती. आणि तिथं नकाराच्या पोस्ट जवळपास कुणी टाकत नाही. दहा कंपन्यांनी परत पाठवलेला मुलगा अकराव्या दिवशीच दिसतो, तो हसरा.

दुसऱ्या भेटीत खरी गाठ सुटली. जाताजाता, दाराशी उभी राहून ती म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं राहिलंय. पप्पांना कळता कामा नये."

तिला एका "एचआर"चा मेसेज आला होता. क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) ट्रेनी, महिना 32 हजार, मुलाखत नाही, फॉर्म भरला की झालं. तिसऱ्या मेसेजला बोलणं लिंक्डइनवरून टेलिग्रामवर नेलं. आधार आणि पॅनचे फोटो मागितले, तिनं दिले. मग परत मिळणारं डिपॉझिट म्हणून 2,999 रुपये यूपीआयवर. तेही दिले, शिकवणीच्या साठवलेल्या पैशातून. पुढं व्हेरिफिकेशनचे 6,500 मागितले तेव्हा तिला शंका आली. विचारल्यावर समोरचा गायब.

तिला फसवलं गेल्याचं मला नवल वाटलं नाही. केमिस्ट्रीचं गोल्ड मेडल मिळवलेलीही फसतात. मला खटकलं ते हे की पहिला मेसेज आला तेव्हाच तिनं तो घरात कुणाला दाखवला असता, तर वडिलांनी दोन मिनिटांत ओळखला असता. ज्या माणसानं वीस वर्षं उधारी वसूल केली आहे, त्याला "आधी पैसे भरा, मग काम देतो" याचा वास लगेच येतो. पण खातंच चोरून चाललं होतं. अनोळखी माणसांना घाबरून घरानं जो पहारा बसवला, त्याच पहाऱ्यामुळे ती एका अनोळखी माणसाच्या हाती एकटी सापडली. अशा केसेस माझ्याकडे बऱ्याच येतात, आणि प्रत्येक वेळी आधी मुलीलाच बोल लावला जातो.

तिची तयारी झाल्यावर तिनं ते माझ्यासमोरच वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तीन हजारासाठी एवढी घाबरलीस व्हय गं?"

त्याच दिवशी 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तीन आठवडे उलटून गेले होते, त्यामुळे पैसे काही परत आले नाहीत. पहिल्या काही तासांत कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. नंतर ती खात्याखात्यांतून पसार होते. आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला लावलं, आणि आपल्या पॅनवर कुणी कर्ज तर उचललं नाही ना, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये अधूनमधून बघायला सांगितलं.

यानंतर वडिलांचं म्हणणं सरळ होतं: खातं बंद करा. मी त्यांना विचारलं, तुम्हाला पहिलं काम कुणी दिलं?

"शिरोलीतल्या फौंड्रीतनं आलं."

"तिथं कोण ओळखीचं होतं?"

"ओळखीचं कसलं! तिथला एक सुपरवायझर रोज आमच्या वडापात (सीटवर चालणाऱ्या जीपमध्ये) असायचा. नाव बी माहीत नव्हतं. एक दिवस गप्पा निघाल्या, मी म्हटलं स्वतःची लेथ घेतलीया. त्यानं दुसऱ्या दिवशी कास्टिंग दाखवायला आणलं."

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं 1973 साली नेमक्या अशाच ओळखींवर निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, ज्यानं खबर दिली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणाराच निघाला, असं सांगणारे जेमतेम 17 टक्के. बाकीच्यांना खबर मिळाली ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण साधं आहे: आपल्या घरच्यांना आणि जिगरी दोस्तांना जे माहीत असतं, ते आपल्यालाही माहीतच असतं. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्यातही असंच काहीसं दिसलं. फक्त तिथं सगळ्यात उपयोगी पडली ती मधली ओळख, घरचीही नाही आणि पार परकीही नाही.

हे सगळं ऐकून ते म्हणाले, "पण मॅडम, तो माणूस माझ्या शेजारी बसलेला होता. ह्यात फोटो एकाचा, माणूस दुसराच."

यावर माझ्याकडे खोडून काढायला काही नव्हतं, आणि मी खोडूनही काढलं नाही. लिंक्डइन कामाचं ठिकाण आहे म्हणून तिथं सगळे सज्जनच असतात असं नाही. "तुमचा फोटो छान आहे"पासून सुरुवात करणारे तिथंही भेटतात, आणि मुलींना जास्त भेटतात. तेव्हा आम्ही तिघांनी बसून ठरवलं. मोबाइल नंबर प्रोफाइलवर ठेवायचा नाही. ओळखीपाळखीआधीच बोलणं टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर न्यायला बघणाऱ्याला तिथंच थांबवायचं. कागदपत्रं आणि पैसे कुणालाही नाहीत. नोकरी देणारा पगार देतो, घेत नाही. कंपनीचा माणूस म्हणवणाऱ्याची खात्री कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या पत्त्यावर मेल करून घ्यायची. फोटोवर बोलणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही, ब्लॉक करून तक्रार करायची, आणि त्यात लाजायचं नाही. वडिलांनी एक अट घातली, मोबाइल बघायला मिळाला पाहिजे. मी नको म्हटलं. शेवटी तोडगा निघाला तो असा की नोकरीसंदर्भात कुणाचाही मेसेज आला की ती स्वतः दाखवेल, आणि त्यांनी "ह्यो कोण?" हे जरा खालच्या पट्टीत विचारायचं.

खरं काम यानंतर सुरू झालं, कारण बोलायचं काय हेच मृणालला माहीत नव्हतं. तिनं तयार ठेवलेला मेसेज होता, "आदरणीय सर, मी एम.एस्सी. केमिस्ट्री फ्रेशर आहे, कृपया कोणत्याही जॉबसाठी रेफर करा." समोरच्या माणसानं याचं करायचं काय? त्याला ही मुलगी माहीत नाही, तिचं काम माहीत नाही, आणि "कोणत्याही" जॉबचा कारखाना त्याच्याकडे नाही. शिवाय मृणालला हे वशिला लावल्यासारखं वाटायचं, म्हणून ती तो मेसेज पाठवतच नव्हती. मी म्हटलं, नोकरी मागूच नकोस, माहिती विचार. आणि टायवाल्या व्हाइस प्रेसिडेंटना विचारू नकोस. तुझ्याच डिपार्टमेंटमधून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली माणसं शोध.

शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं काढली, ती मुलांच्या राहण्याजेवणाची सोय म्हणून. पण खेड्यातून आलेल्या पोराला बोर्डिंगात एक गोष्ट आपसूक मिळायची: दोन इयत्ता पुढचा, त्याच वाटेनं आलेला कुणीतरी. मृणाल घरातून ये-जा करणारी, घरात तिच्याआधी कुणी पदवीपर्यंतही गेलेलं नाही. तिला असा पुढचा माणूस हवा होता. लिंक्डइनवर कॉलेजच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी असते. गाव, कंपनी, काम यांवरून ती चाळता येते. पाचशे जण जोडताना तिनं तिथं एकदाही डोकावलं नव्हतं.

नवा मेसेज बनवायला तिला पाऊण तास लागला. "ताई, मी तुमच्याच डिपार्टमेंटला दुसऱ्या वर्षाला आहे. तुम्ही पुण्यात क्यूसीमध्ये आहात हे दिसलं. फ्रेशरला पहिल्या सहा महिन्यांत तिथं काय काम देतात, आणि मुलाखतीत एचपीएलसीवर काय विचारतात, एवढं सांगाल का?" (एचपीएलसी म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र; कॉलम ही त्यातली नळी.) बऱ्याच जणांना पाठवला, निम्म्याअधिकांनी उत्तर दिलं नाही. गडहिंग्लजकडच्या एका ताईनं मात्र रविवारी दुपारी चांगलं लांबलचक लिहिलं. त्यात एक प्रश्न होता: "कॉलमचं प्रेशर अचानक वाढलं तर तू काय बघशील?"

मृणालनं मला उत्तर सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. बफर, म्हणजे क्षारांचं द्रावण, वापरल्यावर कॉलम आधी पाण्यानं धुवायचा असतो. न धुता थेट ॲसिटोनायट्राइल हे सॉल्व्हंट सोडलं तर आतच क्षार बसतात आणि प्रेशर चढतं. प्रोजेक्टच्या वेळी तिच्या बॅचकडून हेच झालं होतं, आणि तिनं स्वतः चार तास बसून कॉलम मोकळा केला होता. "मग हे तुझ्या प्रोफाइलवर कुठं आहे?" मी विचारलं. प्रोफाइलवर लिहिलेलं होतं, मेहनती, जिद्दी, नवं शिकण्याची आवड. ते सगळं काढून तिनं कॉलमची हकिगत चार ओळींत लिहिली.

रात्रीच्या बघण्यावर मी वेगळा उपाय काही केला नाही, एवढंच सुचवलं की लिंक्डइन मोबाइलवरून काढून टाक, दुपारी डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरवर उघड, आणि उघडल्यावर मुख्य पानावर न रेंगाळता थेट शोधायला लाग. झोप पंधरवड्यात बरीच सुधारली. ऑफरच्या पोस्ट बघून अजूनही पोटात गोळा येतो, असं ती म्हणते. येणारच.

त्या ताईच्या सांगण्यावरून तिनं कुरकुंभच्या एका कंपनीत अर्ज केला आणि पहिल्याच मुलाखतीत नापास झाली. दुसरीकडे, रत्नागिरी जिल्ह्यात लोट्याला, ट्रेनी म्हणून घेतलं. पगार 32 हजारांच्या जवळपासही नाही. वडील परत आले माझ्याकडे, या वेळी एकटेच. आता प्रश्न शिफ्टचा होता: रात्री सुटल्यावर पोरगी खोलीवर कशी जाणार? मी म्हटलं, मला लोट्यातलं काय ठाऊक, तिथं काम करणारी कुणीतरी मृणालच्या यादीत असेल, तिला विचारू द्या. त्यांनी माझ्यासमोरच लेकीला फोन लावला.