माया बे बंद होता, मग तो विकला कसा?

प्रश्न : मी सांगलीत विश्रामबागला राहतो. गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघे इथल्या एजंटामार्फत मुंबईच्या एका कंपनीबरोबर थायलंडला गेलो. कार्यक्रमपत्रिकेत ‘फुकेतहून स्पीडबोटीने फी फी बेटे, माया बे येथे उतरून एक तास’ असं छापलं होतं. प्रत्यक्षात माया बे हा समुद्रकिनाराच बंद! बोटीतून लांबूनच दाखवला. कंपनी म्हणते, निसर्गापुढे इलाज नाही, दावा लावायचा तर मुंबईत लावा. एजंट पुढच्या सहलीत पाच हजारांची सूट देतो म्हणतो आणि एका कागदावर सही मागतो. काय करू? – एक निवृत्त शिक्षक

उत्तर : गुरुजी, समुद्र खवळला म्हणून बोटच सुटली नसती, तर फेरीचे पैसे मागा आणि विषय सोडा, असंच मी सांगितलं असतं. अंदमान समुद्रात ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. त्याचं खापर कुणावर फोडणार? पण तुमची बोट गेली, बाकीची बेटंही झाली. प्रवाळांची हानी झाल्यामुळे माया बे २०१८ मध्ये बंद केला होता. जानेवारी २०२२ मध्ये तो खुला झाला, पण दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर तो बंदच ठेवतात. यात निसर्ग कुठे आडवा आला? तारखा आधीच जाहीर असतात. थायलंडच्या सहली विकणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. ही सेवेतली त्रुटी तर आहेच, शिवाय अनुचित व्यापारी प्रथाही आहे.

मुंबईची धमकी मनावर घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती, म्हणून लोक अजून मुंबईचं नाव निघालं की गप्प बसतात. कंपनी आणि एजंट, दोघांनाही जाबदार, म्हणजे विरुद्ध पक्ष, करा. मुदत दोन वर्षांची आहे. दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि वकील असून सांगतो, वकीलही लागत नाही.

आधी स्पीड पोस्टाने एक नोटीस पाठवा. कार्यक्रमपत्रिका व्हॉट्सॲपवर आली असेल तर ती पुसू नका, त्या मोबाइलची अदलाबदलही करू नका. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, म्हणजे मोबाइलमधल्या मजकुराचीच ही प्रत आहे असं सांगणारं, प्रमाणपत्र जोडा.

सगळ्या सहलीचे पैसे मात्र मागू नका. हॉटेलात राहिलात, जेवलात, फिरलात. असली मागणी केली की खऱ्या तक्रारीचंही वजन जातं. त्या दिवसाच्या फेरीची रक्कम, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, एवढंच मागा.

आणि एजंटाच्या त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे शब्द आहेत का, ते चष्मा लावून बघा. असतील तर सही करू नका. पाच हजारांची सूट तर पुन्हा त्यांच्याकडेच पैसे भरले तरच मिळणार आहे.