घोडेस्वारी येत नसेल, तरी दिव्यांगांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या संस्थेत स्वयंसेवक होता येतं का?

हो, येतं. तुम्ही लिहिलंय की नुकतेच इंग्लंडला आलात, शनिवार मोकळा असतो, घराजवळ आरडीएचा गट आहे, पण घोड्यावर बसलात ते फक्त माथेरानला. मीही तेवढ्याच भांडवलावर इथल्या एका गटात गेले होते. आज त्याच मैदानावर प्रशिक्षक म्हणून शिकवते, बिनपगारी, दर शनिवारी सकाळी.

आरडीए म्हणजे रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन, 1969 सालची संस्था. राजकन्या अ‍ॅन 1971 पासून तिच्या पाठीशी आहेत. देशभर तिचे शेकडो स्थानिक गट आहेत आणि ते चालतात मुख्यतः स्वयंसेवकांवर.

सुरुवात तबेल्यापासून होते. खरारा करायचा, लीद काढायची, खोगीर पुसायचं. त्यातून घोड्याची ओळख होते. कान मागे पाडले म्हणजे तो वैतागलाय, हे तुम्हाला कुणी सांगण्याआधी दिसायला लागतं. मग मैदानात. नवख्या स्वाराबरोबर कधीकधी तीन माणसं लागतात: पुढे घोडा धरणारा लीडर आणि दोन्ही बाजूंनी चालणारे साइडवॉकर. घोडा बुजला तर लीडरने घोडा सोडायचा नाही आणि साइडवॉकरने स्वाराला सोडायचं नाही. एवढं पक्कं लक्षात ठेवा. साइडवॉकरला घोडेस्वारी यावी लागत नाही, वाळूत अर्धा तास चालता आलं पाहिजे.

खरी अवघड गोष्ट वेगळीच आहे. आमच्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी यायची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. तोंडून शब्द फुटायला वेळ लागायचा. घोडी चालवायची तर स्वारानेच 'वॉक ऑन', म्हणजे 'चल', म्हणायचं, हा आमचा नियम. पहिल्या दिवशी तिचे ओठ हलले, मान वळली, आवाज काही येईना. मला राहवलं नाही, मीच म्हणून टाकलं. घोडी चालू लागली आणि मुलीचा चेहरा उतरला. आमच्या ज्येष्ठ प्रशिक्षक बाईंनी मला नंतर बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, "मनात वीसपर्यंत मोज, मग तोंड उघड." पुढच्या शनिवारी मी मोजलं. चौदाला तिचा 'वॉ' आला. लीडरने तेवढ्यावर घोडीला पुढे घेतलं. माझा हात तिच्या मांडीवरून खोगिराची कड धरून होता, त्यामुळे मला ते हाताला कळलं: पुढे झुकलेलं सगळं अंग एकदम सरळ झालं. एवढं थोरलं जनावर तिच्या शब्दावर निघालं होतं.

तेव्हापासून नव्या स्वयंसेवकांना मी हेच सांगते. पडू द्यायचं नाही, पण करू द्यायचं. ज्यांच्यासाठी दिवसभर सगळं दुसरेच करतात, त्यांच्या वाट्याची ही आज्ञा आपण हिरावून घ्यायची नाही.

"हे नुसतं फिरवून आणणं तर नाही ना?" असंही तुम्ही विचारलंय. नाही. घोडा कदम चालीने, म्हणजे दुडकी-दौड न करता साध्या पावलाने, चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, खाली-वर आणि डावी-उजवीकडे हलते, आणि वर बसलेल्याची कंबर जवळपास माणूस चालताना हलते तशी हलते. जो कधी चाललाच नाही, त्याच्या शरीराला ती लय तिथे मिळते. वर घोड्याच्या अंगाची ऊब. ताठ झालेल्या मांड्या हळूहळू सैल पडताना मी पुष्कळदा पाहिल्यात. आपल्याकडे घोड्यावरच्या पक्क्या बैठकीसाठी 'मांड' हा किती नेमका शब्द आहे, हे मला इथे कळलं. लगाम, रिकीब (पाय ठेवायची कडी) सगळं नंतर, आधी मांड.

आणि दिव्यांगही खरेखुरे स्वार असू शकतात. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पायांत बळ राहिलं नाही. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची. त्यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली नेमक्या करून घेण्याच्या स्पर्धेचं, रौप्यपदक जिंकलं, धडधाकट स्वारांच्या स्पर्धेत, आणि 1956 मध्ये पुन्हा. 1996 च्या अटलांटापासून हा खेळ पॅरालिंपिकमध्ये आहे. त्यात अपंगत्वाच्या तीव्रतेनुसार पाच श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत सगळं कदम चालीतच करायचं असतं, आणि ते बघताना तोल सांभाळताना किती कस लागतो ते समजतं.

मात्र प्रत्येकाला घोड्यावर बसवता येत नाही, हे आई-वडिलांना सांगायचं कामही आपलंच. डाउन सिंड्रोम असलेल्या काहींच्या मानेचा सांधा ढिला असतो. काहींची फिट आटोक्यात नसते. घोड्याने किती वजन न्यायचं यालाही मर्यादा आहे. तिथे मन घट्ट करून नाही म्हणावं लागतं.

प्रशिक्षक व्हायचं तर घाई करू नका. आधी साइडवॉकर, मग लीडर, मग अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली शिकणं, प्रथमोपचार आणि बालसुरक्षेचं प्रशिक्षण, मग मूल्यमापन. मधल्या काळात स्वतः घोड्यावर बसायला शिका. मी शिकले, आणि रिकिबीविना दुडकी चालताना तोल सांभाळायचा म्हणजे काय ते कळल्यावर मुलांना सूचना देण्याची माझी पद्धतच बदलली.

या शनिवारी नुसतं बघायला जा. घोट्यापर्यंतचे मजबूत बूट घाला, लोंबणारा स्कार्फ नको. आणि खिशात गाजर नेलंत तरी विचारल्याशिवाय हातावर भरवू नका. घोड्याला हात चाचपायची सवय लागली की पुढच्या वेळी तो मुलांच्या बोटांकडे वळतो.