जतन केलेले काम दुसऱ्या दिवशी सापडत नाही

प्रश्न : आमचे व्हर्च्युअल डेस्कटॉप, म्हणजे सर्व्हरवर चालणारे विंडोज डेस्कटॉप, एकाच मास्टर इमेजवरून (सर्वांसाठीच्या मूळ प्रतीवरून) तयार होतात आणि वापरकर्त्याने लॉग ऑफ केले की मूळ स्थितीत जातात. ॲप्लिकेशन्स स्वतंत्र लेअरमधून, म्हणजे वेगळ्या आभासी डिस्कमधून, जोडली जातात आणि प्रोफाइलसाठी (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायली व सेटिंग्जसाठी) आम्ही एफएसलॉजिक्सचा प्रोफाइल कंटेनर वापरतो. डेस्कटॉपवरील फायली, ब्राउझरचे बुकमार्क, आउटलूक हे सर्व टिकते. हिशेबाच्या एका जुन्या प्रोग्रॅममध्ये वापरकर्त्यांनी बनवलेले अहवालांचे नमुने मात्र दुसऱ्या दिवशी नाहीसे झालेले असतात. लेअरवर लिहिता येत नाही म्हणून असे होते का, आणि तो लिहिण्यासाठी खुला करावा का?

उत्तर : लेअर खुला करू नये. एकच लेअर एकाच वेळी अनेक डेस्कटॉपना जोडलेला असतो, त्यामुळे तो केवळ वाचनापुरताच ठेवावा लागतो. प्रोग्रॅमने त्यातील एखादी फाइल बदलली, तर फिल्टर ड्रायव्हर (फायलींचे वाचन-लेखन मध्येच अडवून वळवणारा घटक) तो बदल सर्वांत वरच्या, लिहिता येण्याजोग्या जागी वळवतो. आपल्या रचनेत ती जागा म्हणजे त्या सत्रापुरती असलेली डिस्क होय. प्रोग्रॅमला जतन यशस्वी झाल्याचेच दिसते, कोणताही त्रुटीसंदेश येत नाही, आणि लॉग ऑफनंतर ती डिस्क पुसली गेली की नमुनेही जातात.

प्रोफाइल कंटेनर ही व्हीएचडी किंवा व्हीएचडीएक्स प्रकारची, म्हणजे आभासी डिस्कची, फाइल असून ती लॉग इन करताना वापरकर्त्याच्या प्रोफाइल फोल्डरच्या जागी जोडली जाते. त्यात 'यूजर्स' फोल्डरमधील त्या व्यक्तीचा भाग आणि रजिस्ट्रीतील (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतील) तिची स्वतःची शाखा येते. 'प्रोग्रॅम फाइल्स', 'प्रोग्रॅमडेटा', सी ड्राइव्हचा मूळ स्तर आणि संपूर्ण यंत्राची रजिस्ट्री शाखा कंटेनरच्या कक्षेबाहेर राहतात. आपला प्रोग्रॅम बहुधा यांपैकीच कुठेतरी लिहीत असावा. पण तर्कावर थांबू नये. सिसइंटर्नल्सचे प्रोसेस मॉनिटर (प्रोग्रॅम कुठे काय वाचतो-लिहितो ते दाखवणारे साधन) चालू करून केवळ त्या प्रोग्रॅमच्या लेखनक्रिया गाळून घ्याव्यात, एक नमुना जतन करावा आणि तो कोणत्या पत्त्यावर गेला ते पाहावे.

पत्ता प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरमधला निघाला, तर लेअर बनवताना त्या फोल्डरवर सर्वांना लिहिण्याची परवानगी दिली गेली होती का, हे आधी तपासावे. जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमसोबत मॅनिफेस्ट (त्याला कोणते अधिकार लागतात हे विंडोजला सांगणारी नोंद) नसेल आणि 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहिण्याची परवानगी नाकारली गेली, तर विंडोज ते लेखन आपणहून वापरकर्त्याच्या 'ॲपडेटा'मधील 'लोकल'खालच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' फोल्डरकडे वळवते, म्हणजेच आपल्या कंटेनरमध्ये. परवानगी दिली की हे वळण घेतले जात नाही. तक्रार मिटवण्यासाठी सढळ हाताने दिलेली परवानगीच माहिती हरवण्यास कारणीभूत ठरते, हे मला अनेकदा आढळले आहे.

दुरुस्तीसाठी प्रथम प्रोग्रॅममध्येच माहितीची जागा बदलण्याची सोय आहे का ते पाहावे आणि असल्यास ती प्रोफाइलमध्ये किंवा नेटवर्कवरील फोल्डरमध्ये न्यावी. तशी सोय नसेल आणि नमुने सर्वांना सामाईक चालत असतील, तर लेअरमध्येच सिम्बॉलिक लिंक (फोल्डरच्या जागी दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) करून तो फोल्डर नेटवर्कवर वळवता येतो. जंक्शन हा तसाच दुसरा दुवा यासाठी उपयोगी नाही, कारण ते नेटवर्कवरील जागेकडे निर्देश करू शकत नाही.

सिट्रिक्स ॲप लेअरिंगमधील यूजर लेअर किंवा ॲप व्हॉल्यूम्समधील रायटेबल व्हॉल्यूम, म्हणजे प्रत्येक वापरकर्त्यासाठी टिकून राहणारा लिहिता येण्याजोगा लेअर, यांचा विचार मी शेवटी करीन. प्रोफाइलबाहेरचे लेखनही त्यांत पकडता येते, हे खरे. पण सोबत नको असलेलेही साठत जाते. शिवाय ॲप्लिकेशन लेअरमधील एखादी फाइल वापरकर्त्याच्या सत्रात बदलली, की तिची प्रत वरच्या लेअरमध्ये राहते, आणि पुढे आपण ॲप्लिकेशनची नवी आवृत्ती दिली तरी त्या वापरकर्त्यापुरती जुनी प्रतच नवीला झाकून टाकू शकते. वापरकर्त्यांना स्वतः प्रोग्रॅम बसवू देणे हे संस्थेचे धोरणच असेल, तर हा भार पत्करावा. एका प्रोग्रॅमच्या नमुन्यांसाठी तो जड आहे.

प्रश्न : लेअर बनवताना आम्ही प्रोग्रॅम एकदा उघडून भाषा आणि सर्व्हरचा पत्ता भरून ठेवतो, तरी वापरकर्त्यांना ते पुन्हा विचारले जाते. असे का?

उत्तर : ती माहिती लेअर बनवणाऱ्या खात्याच्या प्रोफाइलमध्ये लिहिली गेली, इतरांच्या नव्हे. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसद्वारे (वापरकर्त्यांच्या सेटिंग्ज मध्यवर्ती ठिकाणाहून लावण्याच्या विंडोजच्या सोयीद्वारे) ती प्रत्येकाच्या रजिस्ट्री शाखेत घालावी. डीफॉल्ट प्रोफाइलमध्ये (नव्या प्रोफाइलसाठीच्या विंडोजमधील नमुन्यात) घालण्याचा मार्गही आहे, परंतु त्या प्रोफाइलची नक्कल वापरकर्त्याचे प्रोफाइल प्रथम तयार होतानाच घेतली जाते, त्यामुळे ज्यांचे कंटेनर आधीच अस्तित्वात आहेत त्यांच्यापर्यंत ती पोहोचणार नाही.