छऱ्याच्या बंदुकीचा घोडा जड जातोय? कानस आधी खाली ठेवा

प्रश्न : मी मानेवाड्यात राहतो. दिवाळीत ४.५ एमएमची ब्रेक बॅरल एअर रायफल घेतली. बंदूक चांगली आहे पण ट्रिगर एवढा जड अन् लांब ओढा लागते का छर्रा सुटेस्तोवर नेम हलून जाते. मित्र म्हणते आतला सिअर काढून बारीक कानशीनं घासून टाक, एकदम मख्खन होऊन जाईन, यूट्यूबवर पण लोक दाखवून राहिले. करू का?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : नका करू भाऊ. मित्राला चहा पाजा आणि कानस त्याच्याच घरी ठेवायला सांगा.

आधी आत काय असतं ते बघा. तुम्ही नळी मोडून कॉक करता तेव्हा मोठी स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन मागं जाऊन एका छोट्या दातावर अडकतो, तोच सिअर. साध्या बंदुकीत त्या स्प्रिंगचा बराचसा जोर सरळ ह्या दाताच्या कडेवर असतो, म्हणून घोडा जड लागतो. वायराख कंपनीच्या रेकॉर्ड ट्रिगरमध्ये मधे दोन-तीन लिव्हर घातलेत, त्यामुळे पकड पक्की राहून ओढ हलकी होते. तुमच्यात ते लिव्हरच नसतील तर कितीही घासा, मॅच रायफल (स्पर्धेची रायफल) काही होणार नाही ती.

आणि घासल्यावर काय होतं? सिअरला वरून पातळ कडक थर दिलेला असतो, आतलं लोखंड मऊ. थर गेला की मऊ लोखंड आपोआप झिजत जातं, कडेचा कोन बिघडतो, पहिले काही दिवस खरंच मख्खन वाटतं आणि मग एक दिवस बंदूक भिंतीला टेकवताना किंवा नळी बंद करता करता ठोका लागून स्वतःच सुटते. नळी उघडी असताना सुटली तर ती जोरात वर येऊन आपटते, बोटं मधे असली तर हाड मोडतं. म्हणून छर्रा भरताना एका हातानं नळी घट्ट धरायची, दुसरा हात घोड्यापासून लांब, ही सवय बंदूक नवी असो का जुनी, सोडायची नाही. काही बंदुकांत नळी उघडी असताना घोडा न सुटू देणारी अडकण असते, ती "त्रास देते" म्हणून काढणारे पण पाहिलेत, असं कोणी सुचवलं तर त्या माणसाकडं परत जाऊ नका. आणि ट्रिगरचा ठोकळा काढायला गेलात तर बऱ्याच बंदुकांत मागं स्प्रिंग दाबलेली असते, स्प्रिंग दाबून धरणारा शिकंजा नसताना पिन काढली की मागचा भाग छातीवर येतो. हे घरचं काम नाहीच.

मग करायचं काय? बरंच आहे करण्यासारखं, फक्त क्रमानं.

आधी ठरवा की त्रास नक्की वजनाचा आहे का लांबीचा. लोक "जड आहे जड आहे" म्हणून राहतात पण बहुतेक वेळा घोडा खरखरत सरकतो, मधेच अडकतो, कधी सुटेल ते कळत नाही, त्यालाच क्रीप म्हणतात. नेम हलतो तो त्याच्यामुळं. जड पण एकसारखा आणि ठरलेल्या जागी तुटणारा घोडा चालतो, हलका पण बेभरवशाचा चालत नाही. सामान तोलायचा हुकवाला डिजिटल काटा घ्या, छर्रा भरून नळीचं तोंड रेंजच्या छर्रापेटीकडं (छर्रा अडवणाऱ्या पेटीकडं) ठेवून हुक घोड्याच्या मधोमध लावा आणि सावकाश मागं ओढा, चार-पाच वेळा. आकडे एकमेकांपासून फार लांब आले तर वजन कमी करण्याच्या भानगडीत पडायचंच नाही, आधी घाण आणि घर्षण बघायचं.

कुंद्याचे स्क्रू तपासा, ढिले असले तर घोडाही विचित्र वाटतो आणि छर्रेही इकडंतिकडं जातात. हे फुकटचं काम, पण कोणी करत नाही. मग बंदूक रिकामी आणि कॉक न केलेली आहे याची खात्री करून कुंदा उतरवा, बाहेरून दिसणाऱ्या पिना आणि घोडा घासतो त्या जागा कापसाच्या काडीनं पुसा. नागपुरात मे महिन्यात धूळ अशी असते का फॅक्टरीचं ग्रीस तिच्यात मिसळून काळा चिखल होतो आणि ट्रिगर त्यातच चालून राहतो. पुसल्यावर तिथं मॉली (मॉलिब्डेनमवाल्या) ग्रीसचा फक्त ठिपका. स्प्रे तेल मात्र मारू नका, ते आत सिलिंडरमध्ये उतरतं, पिस्टन हवा दाबतो तेव्हा तिथं एवढी उष्णता होते की तेलाची वाफ पेटते, धूर निघतो, आवाज मोठा होतो आणि सील-स्प्रिंगची वाट लागते.

याच्यानंतर ॲडजस्टमेंटचा स्क्रू, तो पण बंदुकीसोबतच्या पुस्तकात दिला असेल तरच. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरा. दर पाव फेऱ्यानंतर परीक्षा: डोळे सांभाळणारा चष्मा लावा, छर्रा भरा, कॉक करून बंद करा, नळीचं तोंड छर्रापेटीत, सेफ्टी लावून आणि मग काढून कुंद्याच्या मागच्या बाजूला रबरी हातोडीनं हलके ठोके द्या. सुटली किंवा सेफ्टी नीट बसली नाही तर स्क्रू तेवढाच परत फिरवा आणि तिथंच थांबा. लांब स्क्रू टाकून सिअरची पकड कमी करायची युक्ती फिरत असते, ती कानशीचीच बहीण आहे.

आणि बोट. पहिल्या पेराचा मऊ भाग घोड्यावर, ओढ सरळ मागं, छर्रा सुटल्यावरही क्षणभर घोडा दाबलेलाच. ब्रेक बॅरलला पुढं घट्ट दाबून धरलं तर ती उसळते, तळहातावर सैल ठेवा. अर्ध्या लोकांचा "खराब ट्रिगर" इथंच बरा होतो, उगाच म्हणून नाही राहिलो.

प्रश्न : मुलगी मानकापूरला १० मीटर रायफल शिकते. तिथल्या मॅच रायफलचा ट्रिगर अगदी फुंकर मारली तरी सुटेल असा आहे. तिच्यासाठी पण तेवढाच हलका करून घ्यावा का, नियम काय?
– एक पालक, धरमपेठ

उत्तर : ताई, आंतरराष्ट्रीय नियमात १० मीटर एअर रायफलला ट्रिगरचं किमान वजन ठरवलेलं नाही, पिस्तुलाला मात्र ५०० ग्रॅम लागतातच. मॅच रायफलचा ट्रिगर १०० ग्रॅमच्या आसपास ठेवणारे बरेच जण असतात. दहा गुणांचा ठिपका ०.५ मिलीमीटरचा, तिथं घोड्याची जराशी खरखर पण कार्डावर दिसते, म्हणून ही हौस. पण नवशिक्याचं बोट अजून बधिर असतं, हलका घोडा ठरवायच्या आधीच सुटतो आणि मुलगी दचकायला शिकते. थोडा जास्त ठेवा, कोचला विचारून हळूहळू उतरवा. आणि ह्या रायफलमध्ये ड्राय फायरची सोय असते, घरी छर्ऱ्याशिवाय घोड्याचा सराव करता येतो. स्प्रिंगवाल्या बंदुकीत तसं करू नये, छर्रा नसला की पुढं हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन सरळ आपटतो.

प्रश्न : गच्चीवर प्रॅक्टिस करताना मागं पत्रा लावला तर चालेल का?
– एक वाचक, वर्धा रोड

उत्तर : सपाट पत्रा नको, छर्रा उलटा येतो. तिरप्या पोलादी पाटीची छर्रापेटी घ्या किंवा जाड खोक्यात जुन्या कपड्यांच्या चिंध्या ठासून भरा, आणि त्याच्याही मागं पक्की भिंत पाहिजे, चुकलेला छर्रा शेजारच्या दोन-चार गच्च्या सहज ओलांडतो. डोळ्याला चष्मा सगळ्यांच्या, बघणाऱ्या पोरांच्या पण. छर्रे शिशाचे असतात, हात साबणानं धुऊनच जेवायला बसा.