फ्रेंचच्या तासाला शिंदे छत्री

फ्रेंच शिकवणाऱ्या वाचकांची या वेळी बरीच पत्रं आली. सगळ्यांचा सूर एकच: साहित्य कुठून आणायचं? त्यातल्या पाच जणांना ही उत्तरं.

मी कोथरूडला घरी सातवी-आठवीच्या मुलांना फ्रेंच शिकवते. बाहेरून येणारी रंगीत पुस्तकं परवडत नाहीत. फुकट आणि चांगलं काय मिळेल?

टीव्ही-५ मोंद या फ्रेंच वाहिनीच्या संकेतस्थळावर पातळीनुसार व्हिडिओ आणि स्वाध्याय आहेत, शिक्षकांसाठी वेगळा विभागही आहे. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेचे नमुना पेपर फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल ही संस्था ध्वनिफितींसकट फुकट देते. क्रम चुकू नये म्हणून एक पुस्तक मात्र हाताशी हवं, जुनं असलं तरी चालेल. पटवर्धन बागेतलं आलियाँस फ्रांसेज हे फ्रेंच शिकवणारं केंद्र तुमच्यापासून लांब नाही, तिथल्या ग्रंथालयात आधी चाळून बघा.

पण खरं सांगू? या वयाच्या मुलांना कचऱ्यात जाणाऱ्या कागदांची गोडी जास्त. पुण्यात दर चौथ्या घरातलं कोणी ना कोणी टोरांटोला असतं असं मला वाटतं, आणि कॅनडात वेष्टनावर इंग्रजीबरोबर फ्रेंच कायद्यानेच लागतं. सुट्टीत आलेल्या मावशीच्या चॉकलेटची पाकिटं फेकू नका. डेकॅथलॉनच्या टीशर्टला आत शिवलेल्या पट्ट्या आहेतच. इंग्रजीची ओळ चिकटपट्टीने झाका आणि विचारा, ‘मित्राला शेंगदाण्यांची ॲलर्जी आहे, हे चॉकलेट त्याला चालेल का?’ ‘आराशीद’ (शेंगदाणा) हा शब्द शोधायला मुलं अक्षरशः कागदावर तुटून पडतात.

मजकूर सोपा करत बसायचं नाही, काम सोपं द्यायचं. मी सुरुवातीला नेमकं उलटं करायचे: वर्तमानपत्रातला अख्खा लेख वाटला आणि म्हटलं, ‘वाचा.’ वर्गात मिनिटभर फक्त पंख्याचा आवाज. त्याच लेखातली फक्त गावांची नावं आणि आकडे शोधायला सांगितले असते, तर पहिल्या महिन्यातल्या मुलांनाही जमलं असतं.

संस्कृती म्हणून आयफेल टॉवर आणि क्रुआसाँ यापलीकडे काय शिकवावं? – पिंपरीच्या एक शिक्षिका

वानवडीला जा. शिंदे छत्री महादजी शिंद्यांची, त्यांचं निधन १७९४ साली तिथेच झालं. महादजींच्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या तो बेन्वा द ब्वान्य हा शांबेरी गावचा. (त्या काळी हा साव्हुआ प्रांत फ्रान्समध्ये नव्हता, तो फ्रान्सकडे गेला १८६० मध्ये. मोठ्या मुलांना हा गुंता आवर्जून सांगा.) हिंदुस्थानात कमावलेल्या पैशातला मोठा वाटा त्याने आपल्या गावाला दिला. त्याच्या स्मरणार्थ शांबेरीत १८३८ साली कारंजं उभं राहिलं: चार दिशांना चार हत्ती, पण प्रत्येकाचा फक्त पुढचा अर्धा भाग. गावकऱ्यांनी त्याला नाव ठेवलं ‘ले कात्र साँ क्यू’, म्हणजे सभ्य मराठीत ‘बिनबुडाचे चौघे’. आठवीच्या वर्गाला हे एकदा कळलं की ‘साँ’ म्हणजे ‘शिवाय’ हे परत शिकवावं लागत नाही.

यातून तीन-चार तास सहज निघतात. कारंज्याच्या फोटोचं वर्णन, नकाशावर शांबेरी ते पुणे, मग छत्री पाहून आल्यावर शांबेरीतल्या एखाद्या मुलाला पाच वाक्यांचं पोस्टकार्ड. आपल्या गावाबद्दल सांगायला मुलांकडे काहीतरी असतं. आयफेल टॉवरबद्दल बिचारे काय सांगणार?

सणांपैकी एकच सुचवते. ६ जानेवारीच्या सुमारास फ्रान्समध्ये ‘गालेत’ नावाचा केक कापतात, आत एक ‘फेव्ह’ लपवलेली असते. मूळ अर्थ घेवड्यासारखा एक दाणा, आता चिनी मातीची बाहुली असते. सर्वांत धाकटं मूल टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाला ते सांगतं, फेव्ह मिळेल तो राजा. बेकरीतला साधा केक आणि एक बदाम, एवढ्यावर वर्गात जमतं.

वर्गात मराठी बोलायचं नाही असा आमच्या क्लासचा नियम आहे. तुम्हाला पटतो? – हडपसर

अर्धाच. सूचना, गप्पा, रागावणं सगळं फ्रेंचमध्ये करा. पण व्याकरणाच्या वर्कशीटला मराठी दारातच अडवलीत, तर घरातली शिडी सोडून भिंतीवर चढल्यासारखं होईल. इंग्रजीतून शिकणारा विचारतो, टेबल स्त्रीलिंगी का? मराठी पोराला ‘ती खुर्ची’ का, हा प्रश्न कधी पडतच नाही. त्याला फक्त नपुंसकलिंग सोडून पुस्तकाला ‘तो’ म्हणायचं असतं.

भूतकाळात तर आपली चांदीच. ‘मी गेलो, मी गेले’ हा फरक आपण बोलतो, फ्रेंच माणूस तो लिहितो. आणि त्यांचं ‘गेलो’ उच्चारात चक्क ‘आले’ असतं! ‘आले म्हणजे गेले’ एवढं फळ्यावर लिहा, वर्षभर कोणी विसरणार नाही. ‘मी आंबा खाल्ला, पोळी खाल्ली’ असं क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलतं, तसं फ्रेंचमध्येही होतं, पण कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच. ‘मी खाल्लेली पोळी’ या रचनेवरून ते लगेच उमगतं. शिडी एका पायरीवर मोडते तेही दाखवा: ‘मी झोपलो, मी झोपले’ आपण म्हणतो, तिथे मात्र फ्रेंच कृदंत बदलत नाही.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ला तू-तुम्ही पुरतं, फक्त त्यांच्याकडे घरात बहुतेक आजोबांनाही ‘तू’च. यावर मुलांना वाद घालू द्या, जमेल तेवढा फ्रेंचमध्ये.

ऐकण्याचे धडे फार वेगात असतात, मुलं हात टेकतात. – सदाशिव पेठ

आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या घ्या. दहा मिनिटांच्या असतात, सोबत लिखित मजकूर मिळतो. दहाच्या दहा ऐकवू नका, चाळीस सेकंद कापून तीनदा ऐकवा. एक टीप उच्चारांची: मुलं इंग्रजीच्या सवयीने ‘टाब्ल’ म्हणतात. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ आपल्याच ‘तवा’ आणि ‘दही’तले आहेत. हे कळलं की ऐकूही नीट येतं.

पुस्तकाची झेरॉक्स चालते का? आणि एआयकडून संवाद लिहून घेतले तर?

शिकवताना एखादा उतारा काढून द्यायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात मुभा आहे. सबंध वर्कबुक तीस मुलांसाठी झेरॉक्स करणं ही ती मुभा नव्हे. जुनी चित्रं, जाहिराती हव्या असतील तर फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गालिका हे ऑनलाइन भांडार पाहा. स्वामित्वहक्क संपलेलं भरपूर आहे, वर्गासाठी बिनधास्त वापरा.

एआयचा संवाद कच्चा खर्डा म्हणून घ्या. त्यातली माणसं फार नीटनेटकी बोलतात. खरा फ्रेंच माणूस गप्पांमध्ये नकारातलं ‘न’ बहुधा गिळून टाकतो, तेवढं तुम्हीच काढा. मग दोन ओळी पुसून द्या, मुलं भरतील.