नवरा-बायकोच सिरीयल किलर, असं खरंच कुठे घडलंय का?

घडलंय की. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरचे फ्रेड आणि रोझमेरी वेस्ट. तो बांधकामाची कामं करायचा, ती घरात, पोराबाळांचं भरलेलं घर, वरच्या खोल्या भाड्याने दिलेल्या, म्हणजे शेजाऱ्यांना संशय यायचं कारणच नाही. आणि त्याच २५ क्रॉमवेल स्ट्रीटच्या घराखाली आणि परसात मिळून ९ मृतदेह पुरलेले! बहुतेक तरुण मुली, कुणी भाडेकरू, कुणी बसस्टॉपवरून उचललेली. एक बाई गाडीत बसलेली असली की लिफ्ट घ्यायला मुलींना भीती वाटायची नाही, तिथेच फसायच्या.

सापडले कसे, ते ऐकून काटा येतो. १९८७ पासून त्यांची स्वतःची मुलगी गायब होती, आणि घरात 'नीट वागा, नाहीतर ताईसारखं अंगणातल्या फरशीखाली जाल' असा जोक चालायचा. हे लहान भावंडांनी सोशल वर्कर्सना सांगितलं, एका महिला डिटेक्टिव्हने ते धरून ठेवलं आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये पोलिसांनी खरंच फरशी उखडली.

फ्रेडवर १२ खुनांचे आरोप होते, पण खटल्याआधीच १ जानेवारी १९९५ ला त्याने जेलमध्ये फास घेतला. रोझ 'मला काहीच माहीत नव्हतं' म्हणत राहिली, कोर्टाने १० खुनांत दोषी धरून जन्मठेप दिली. घर १९९६ मध्ये पाडलं, विटांचा पार चुरा केला, कुणी आठवण म्हणून नेऊ नये म्हणून.